उपाशीपोटी आणलेली गाडी

आमच्या गॅरेजात दोन वस्तू साठत जातात. एक गाडीचे जुने रबरी बुश, दुसरे किस्से. बुश भंगारवाला येऊन घेऊन जातो. किस्से कोणीच नेत नाय. ते तिथंच पडून राहतात, आन् कोणी चहा पाजला की मी एकेक काढून दाखवतो. बसा. चहा सांगितलाय ना? मग झालं!

गॅरेज मपल्या भास्करमामाचं. पैठण रोडला. बोर्डावर लिहिलंय, 'पुढच्या सस्पेन्शनचे स्पेशालिस्ट'. म्हणजे पुढची चाकं ज्याच्या जिवावर सरळ उभी असतात ते सगळं आमच्याकडं. शॉकअप, बुश, जॉइंट, आर्म. मी दहावीला गणितात गचकलो, तवापासून इथंच हाय. वय सतरा. नाव प्रकाश, पण ते फक्त हजेरीच्या वहीत चालायचं. बाकी दुनियेला मी पप्या.

तिसरा माणूस रशीदचाचा, हेड मेकॅनिक. चाचा गाडीखाली गेला की त्याचे नुसते पाय दिसतात, आन् "पाना दे रे" एवढंच ऐकू येतं. मला तर वाटतं, घरचे बी त्याला पायांवरूनच ओळखत असतील.

आता आमच्याकडं एक पद्धत हाय. पुढचं काम झालं की चहाची टेस्ट. चहाचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवायचा आन् गाडी रोडच्या तीन स्पीडब्रेकरांवरून न्यायची. चहा सांडला नाय, गाडी पास. सांडला, तर चाचा परत खाली.

एकदा एका जुन्या जीपचं काम झालतं आन् मामा लई फॉर्मात होता. म्हणला, "अशी मऊ केलीय, पुढच्या सीटवर तान्हं लेकरू झोपंल!"

मी म्हणलं, "लेकरू राहू द्या मामा. ग्लास काठोकाठ भरा, मांडीत ठेवा आन् एक चक्कर मारून दाखवा."

शेजारच्या गाडीखालून चाचा ओरडला, "भास्कर, नक्को! लौंडा फसा रहा तेरेकू!"

मामा म्हणला, "लावली!"

मी बाजूला बसलो. पहिला ब्रेकर, थेंब नाय. दुसरा, थेंब नाय. तिसरा बी पार! मामानं स्टेअरिंगवरचा एक हात वर केला, इलेक्शन जिंकल्यासारखा. आता मामाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. शाळेपुढं त्याच दिवशी सकाळी चौथा ब्रेकर टाकला होता. पांढरे पट्टे बी मारले नव्हते. मला ठाऊक होतं. मी सकाळी तिथंच उभा राहून बघत होतो ना!

पुढं चार दिवस मामा पाय फाकवून चालत होता. गिऱ्हाईकानं विचारलं, "जीप झाली का हो?"

मामा म्हणला, "जीप पास झाली. मीच फेल झालो!"

* * *

मामाच्या स्वतःच्या गाडीचा किस्सा तर त्याच्या वरताण हाय.

त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकातून आवाज येऊ लागला. खडर्र, खडर्र. हळू चालवली की जास्त, जोरात चालवली की बंद. मामा स्पेशालिस्ट! त्यानं आधी बुश बदलले. मग लिंक रॉड बदलला. मग शॉकअप उतरवला, बघितला, परत चढवला. दोन दिवस गिऱ्हाइकांच्या गाड्या उन्हात, आन् मामा स्वतःच्या गाडीखाली.

तिसऱ्या दिवशी चाचानं चाकाला एक लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं, आन् मला म्हणला, "घुमा रे चाक." मी घुमवलं. चाचानं डोळे मिटले. मग उठला आन् म्हणला, "भास्कर, तेरी गाडी को बचपन याद आया."

त्यानं चाकाची प्लॅस्टिकची टोपी उचकटली. आत चार काचेच्या गोट्या!

मामानं माझ्याकडं बघितलं. "ह्या कोणी टाकल्या?"

मी म्हणलं, "मामा, ह्या आपोआप तयार होत असतील. शिंपल्यात मोती होत्यात ना, तसं."

बघा, कबूल करायचं नाय, हा मपला नियम. एकदा कबूल केलं की पुढच्या टायमाला सगळ्यात आधी आपल्याकडंच बघतात. चाचानं काय केलं माहितीय? गोट्या शर्टाच्या खिशात टाकल्या आन् कामाला लागला. माझ्याकडं वळून बी बघितलं नाय.

* * *

चितेगावच्या एका कारखान्यातल्या साहेबाचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. गाडी पंधरा वर्षांची, दोन्ही शॉकअप गळलेले. मामा म्हणला, "दोन्ही बदलावे लागतील."

ड्रायव्हर म्हणला, "उजवा बदला. डावा राहू द्या."

"आरं, एकच बदलला तर गाडी वाकडी चालंल!"

"चालू द्या. डावीकडं साहेब बसतात."

मामाला कळंना. "मग तर डावा आधी बदलायला पायजे ना?"

ड्रायव्हरनं इकडं तिकडं बघितलं, आन् हळूच म्हणला, "साहेबांना झटके बसल्याशिवाय नवी गाडी येणार हाय का?"

चाचानं दोन्ही बदलले. ड्रायव्हर जाताना असा बघत होता, जसं काय आम्ही त्याची बढती अडवली!

* * *

आता वाघमारे सर. हे नीट ऐका, पुढचं सगळं ह्यांच्यावरच हाय.

सर गणिताचे. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता रिटायर. मला नववीत तेच होते, आन् माझ्या पेपरवर लाल पेनानं लिहायचे, 'उत्तर चूक, पण आत्मविश्वास चांगला.' घर आमच्या मागच्याच गल्लीत. गाडी एक छोटी, पांढरी, जुनी. सर तिला तीसच्या वर कधीच नेत नाय. सायकलवाले बेल वाजवून पुढं जातात.

सर आन् चाचा म्हणजे जिगरी. रोज चार वाजता सर यायचे, दोघं दारात कॅरम मांडून बसायचे. चाचा डिवचायचा, "सर, तुम्हारी गाडी तीस के उप्पर गई तो उसकू चक्कर आयेगी!" सर म्हणायचे, "रशीदभाई, तुम्ही राणीकडं लक्ष द्या, गाडीकडं नको." मग चाचा राणी घालवायचा आन् सर दोघांचा चहा मागवायचे.

हे सगळं एवढं गोड चाललं होतं. मग मी मधी पडलो.

झालं असं. पेपरात आलतं की सरांच्या गाडीचं जे मॉडेल हाय, त्याच्या जुन्या गाड्या कंपनी परत बोलवू राहिली. रिकॉल म्हणतात त्याला. पुढच्या चाकाला धरून ठेवतो तो खालचा आर्म, त्याच्या वेल्डिंगला तडा जाऊ राहिला, म्हणून. मालकांना पत्रं जाणार होती. मी म्हणलं, कंपनीचं पत्र यायला टाइम लागंल. तवर आपणच एक धाडू!

झेरॉक्सवाला मपला दोस्त. त्याच्या कॉम्प्युटरवर बसून टाइप केलं:

'महोदय, आपण गाडी ताशी तीसच्या वर चालवत नसल्यामुळे पुढचे सस्पेन्शन आळशी झाले आहे. गाडीला चक्कर येण्याची शक्यता आहे. चूक सर्वस्वी आपली आहे. तरी तपासणीसाठी गाडी वर्कशॉपला उपाशीपोटी आणावी, म्हणजे टाकीत पेट्रोल नसावे. सोबत रहिवासी दाखला व दोन फोटो आणावेत.'

खाली गोल शिक्का. शिक्का म्हणजे बिसलरीच्या बाटलीचं झाकण, निळ्या शाईत बुडवलेलं.

मला वाटलं सर वाचतील, हसतील, चाचाला दाखवतील, संपलं. पण मी एक गोष्ट विसरलो. माणूस बत्तीस वर्षं सरकारी शाळेत होता! वरून कागद आला, त्याच्यावर शिक्का हाय, तर तो पाळायचा. वाचून विचार करायचा नाय, वाचून पाळायचा!

सरांनी दाढी केली. दोन फोटो काढले. रहिवासी दाखला काढायला अर्धा दिवस घातला. टाकीतलं पेट्रोल नळीनं काढून कॅनमध्ये ठेवलं. आन् जालना रोडच्या कंपनीच्या चकाचक वर्कशॉपच्या गेटापाशी गाडी बंद पडली. उपाशीच होती ना! सरांनी धोतरासारखा पँटचा पाय वर खोचला आन् गाडी ढकलत आत नेली.

काउंटरवरच्या पोरीनं पत्र वाचलं. मग शेजारच्याला दाखवलं. मग त्यानं मोठ्यानं वाचलं. मग आतले सगळे बाहेर आले. एकानं विचारलं म्हणं, "सर, गाडीची शुगर बी चेक करायची का?"

हे मला नंतर कळलं. मी त्या दिवशी आईला घेऊन पाचोडच्या बाजाराला गेलतो. माघारी आलो तर कॅरमचा बोर्ड भिंतीला उलटा टेकवलेला. सर आन् चाचाचं बोलणं बंद!

मी हिशोब लावला. पत्रात 'चक्कर' हा शब्द होता, तो चाचाचा डायलॉग. सरांना वाटलं असंल पत्र चाचाचंच. आन् चाचा तर स्वतःच्या बाजूनं कधी काय बोलतच नाय.

मी बी काय बोललो नाय. नियम म्हणजे नियम.

* * *

मधीच पाचोडच्या मोसंबीवाल्याचा किस्सा झाला.

त्याची गाडी सरांच्याच मॉडेलची, तेवढीच जुनी. मागं सीट पाडून मोसंबी भरलेली. बागेच्या गेटातून बाहेर पडताना स्पीड म्हणाल तर बैलगाडीचा, आन् कट्ट! पुढचं डावं चाक आत दुमडलं. नमस्कार करताना हात जोडतो ना आपण, तसं चाक गाडीला जोडलं गेलं. गाडी तोंडावर बसली, डिक्की उघडली, मोसंबी सगळ्या रोडवर. एस.टी. थांबली. कंडक्टरनं आधी माणूस ठीक हाय का विचारलं आन् मग दोन मोसंबी उचलली.

गाडी टोचन करून आमच्याकडं आली. चाचानं आर्म काढून दाखवला. वेल्डिंगपाशी दोन तुकडे. चाचा म्हणला, "गेट पे टूटा, अल्ला का करम. लासूर के रोड पे अस्सी के स्पीड में टूटता तो?"



मग मामानं विचारलं, "तुम्हाला कंपनीचं पत्र नाय आलं का हो?"

मोसंबीवाला म्हणला, "आलतं की! चांगला जाड कागद होता. बायकोनं लोणच्याच्या बरणीखाली घातला."

* * *

आता शेवटचा.

मोसंबीच्या पुढच्याच आठवड्यात सरांना खरं पत्र आलं. कंपनीचं. सर ते घेऊन गॅरेजात आले, चाचाकडं बघितलं बी नाय, आन् मामाच्या हातात कोंबलं. "घ्या. तुमच्या माणसाला सांगा, एकदा फसलो. वाघमारे दुसऱ्यांदा फसत नसतो."

मामा म्हणला, "सर, हे खरं हाय! मोसंबीवाल्याची गाडी बघा—"

"तुम्ही पण त्यात सामील असाल," सर म्हणले, आन् गेले.

मामानं गाडी तपासू द्या म्हणून दोनदा निरोप दिला. नाय म्हणजे नाय. मी त्या पत्रावरच्या नंबरला फोन लावला. तिकडून बाई म्हणली, "मालकांना बोलायला द्या." मालकाला कसं बोलायला देणार? मालक फोन आपटतो!

रविवारी सकाळी सर गाडी घेऊन दारात. हवा भरायला. पुढं काकू, मांडीवर लाडवाचा डबा. मागं काकूंची बहीण आन् तिची दोन लेकरं. लासूर स्टेशनला भाचीचा साखरपुडा. त्या गाडीत पाच माणसं, आन् लासूरचा रोड!

मी हवा भरली. डाव्या चाकापाशी बसलो होतो, आन् मला डोळ्यापुढं नुसतं ते दुमडलेलं चाक दिसू लागलं. नमस्कार केलेलं.

सरांनी गाडी चालू केली. मी उठलो आन् गाडीपुढं उभा राहिलो.

"काय करू राहिला बे पप्या? हट!"

"सर, नका जाऊ."

"मुहूर्त चुकंल. हट म्हणतो ना!"

"सर, पत्र खरं हाय."

"तुला काय ठाऊक खरं का खोटं?"

आता बघा. खरं जिभेवर आलतं, पण तोंडातून येईना. सतरा वर्षांत कधी काढलंच नव्हतं ना बाहेर! मामा ऑफिसच्या दारात उभा. चाचा तिकडं एका जीपखाली, त्याची ठोकाठोक चाललेली.

"मला ठाऊक हाय," मी म्हणलं, "कारण खोटं मी लिहिलं होतं."

जीपखालची ठोकाठोक थांबली.

सरांनी इंजिन बंद केलं. "काय?"

"पहिलं पत्र मी लिहिलं, सर. उपाशीपोटीवालं. शिक्का बिसलरीच्या झाकणाचा होता."

सर खाली उतरले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण मास्तर तो मास्तरच. विचारतो काय? "मग हे दुसरं तुझं नाही कशावरून?"

मी म्हणलं, "सर, माझ्या पत्रात काय लिहिलं होतं? चूक सर्वस्वी आपली हाय. ह्या पत्रात कंपनी म्हणती, चूक आमची हाय, फुकट दुरुस्त करून देतो. चूक मपली हाय असं कोणी स्वतःहून लिहीत असतं का? एवढं मोठं खोटं मला सुचलंच नसतं!"

काकू गाडीतनं म्हणल्या, "अहो, पोरगं बरोबर बोलतंय. उतरा गं सगळे."

मामानं जॅक लावला. चाकामागं चिखलाचा थर होता, तो फडक्यानं पुसला आन् बॅटरी मारली. आर्मच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी रेघ. मामानं रेघेत नख घातलं. नख आत गेलं!

काकूंच्या बहिणीनं दोन्ही लेकरं जवळ ओढली. सर त्या नखाकडं बघत किती तरी वेळ उकिडवे बसून होते. मग उठले आन् मला म्हणले, "पण प्रकाश, हे कसं शक्य आहे? रशीदभाईनं तर त्याच दिवशी माझ्यासमोर कबूल केलं होतं."

मी म्हणलं, "काय कबूल केलं?"

"की पत्र त्यांनी लिहिलं."

मी मामाकडं बघितलं. मामा डोकं खाजवत म्हणला, "व्हय. सर भडकून आलते. मी म्हणलं, हे पप्याचंच काम, आजच्या आज हाकलतो त्याला. तुझी पिशवी बी रोडवर ठेवली होती. तवा चाचा म्हणला, मैंने लिखा."

आम्ही तिघं बी जीपकडं वळलो. जीपखालून नुसते पाय दिसत होते.

सर म्हणले, "रशीदभाई?"

सर जीपपाशी वाकले.

"रशीदभाई, तुम्हाला मराठी टाइप करता येतं का?"

मग खालून काळा हात बाहेर आला. "चौदा का पाना दे रे."

मी पान्याच्या पेटीकडं वळलो, तर सरांनी मला हातानं मागं सारलं. साखरपुड्याची इस्त्रीची पँट घालून ते तिथंच खाली बसले, पेटीत चाचपलं, आन् एक पाना त्या हातात दिला.

हात आत गेला. परत बाहेर आला.

"ये तो बारा है, सर," खालून चाचा म्हणला. "बत्तीस साल कायकी गणित पढाए?"